चिंच वर्षभर टिकवायची तर: झाड ओळखण्यापासून बरणी बांधण्यापर्यंत

गोव्यात पाऊस जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुक्काम ठोकून असतो आणि त्या चार महिन्यांत घरातले मीठ पाणी सोडते, पापड वातड होतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. अशा हवेत ऑगस्टमध्ये चिंचेची बरणी उघडावी आणि तिचा वास मार्चमध्ये होता तसाच आंबटगोड यावा, अशी इच्छा असेल तर कामाला फेब्रुवारीतच लागावे लागते, तेही झाडाखाली उभे राहून. पावसाळ्यापूर्वीच्या या बेगमीला आपल्याकडे ‘पुरुमेंत’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’वरून आला, पण त्यामागची काळजी त्याहून कितीतरी जुनी असणार. सुक्या मिरच्या, सोलां म्हणजे सुकवलेली कोकमे, खारवलेली मासळी, आगरातले जाडे मीठ आणि चिंच हा तिचा गाभा. आज चिंच बाराही महिने दुकानात मिळते हे खरे आहे, तरी ती कोणत्या वर्षीची आणि किती वेळा ओली होऊन सुकलेली हे पाकिटावर लिहिलेले नसते. घरच्या किंवा शेजारच्या झाडाची चिंच भरून ठेवण्याची पद्धत म्हणून येथे सविस्तर दिली आहे.

झाड आणि आकडे

चिंच ओळखायला कोणाला शिकवावे लागत नाही, असे वाटते. तरीही नावांचा घोळ आहेच. विलायती चिंच मेक्सिकोकडून आलेली, काटेरी फांद्यांची आणि वेटोळ्या शेंगांची, तर गोरखचिंच म्हणजे अवाढव्य बुंध्याचा आफ्रिकी बाओबाब. या दोघींचा आपल्या बरणीशी संबंध नाही. खरी चिंच, शास्त्रीय नाव टॅमरिंडस इंडिका, ही शेंगावर्गीय कुळातली. नावात ‘इंडिका’ असले आणि अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले असले, तरी तिचे मूळ उष्णकटिबंधातील आफ्रिकेत मानले जाते. भारतात ती इतक्या पूर्वीपासून आहे की संस्कृतात तिला चिंचा, तिंतिडी, अम्लिका अशी नावे पडली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात राहून औषधी द्रव्यांवर लिहिलेल्या आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापल्या गेलेल्या ग्रंथातही चिंचेची स्वतंत्र चर्चा आहे. गावांच्या आणि वाड्यांच्या नावांतही ती सापडते. पणजीत चिंचोळे आहे, सासष्टीतील चिंचिणीचे नावही लोक तिच्याशीच जोडतात, आणि घाटापलीकडे चिंचवड, चिंचोली तर मोजता येणार नाहीत इतकी.

झाड २० ते २५ मीटरपर्यंत वाढते आणि शंभर वर्षे सहज ओलांडते. एका पानात पर्णिकांच्या १० ते २० जोड्या असतात. फूल जवळून पाहण्यासारखे असते. पाकळ्या पाच, पण त्यांतल्या दोन इतक्या खुरटलेल्या की तीनच नजरेस पडतात. पिवळसर रंगावर तांबड्या रेषा, जणू कोणी बारीक कुंचल्याने ओढल्या असाव्यात. शेंगेला आपण आकडा म्हणतो. आकडा सोलला की कवच, गर, गराला धरून ठेवणाऱ्या शिरा आणि चिंचोके असे चार भाग हाती येतात. वजनाने पाहता साधारण ५५ टक्के गर, ३४ टक्के चिंचोके आणि उरलेले कवच व शिरा, असा हिशेब धरावा. आमच्या चार माणसांच्या घरात वर्षाला चार किलो फोडलेली चिंच पुरते, म्हणून आम्ही आठ ते नऊ किलो आकडे उतरवतो. वाळताना वजन घटते ते यात धरले आहे.

कधी उतरवावी

बहुतेक फळे पिकताना त्यांचा आंबटपणा उतरतो. चिंचेचे तसे होत नाही. तिच्यातले टार्टरिक आम्ल पिकल्यावरही जवळजवळ तेवढेच राहते. वाढते ती साखर आणि घटते ते पाणी. त्यामुळे कच्ची चिंच आणि पिकलेली चिंच यांतला साठवणीच्या दृष्टीने खरा फरक पाण्याचा आहे. कच्च्या आकड्याचे कवच गराला घट्ट चिकटलेले असते आणि नखाने खरवडल्यास हिरवे दिसते. पुढची अवस्था गाभुळलेल्या चिंचेची. कवच सुटू लागलेले, गर पिवळट तांबूस आणि अजून ओलसर. शाळेच्या वाटेवर खिशात घालण्यासाठी हीच सर्वांत उत्तम आणि बरणीत घालण्यासाठी हीच सर्वांत वाईट. पूर्ण पिकलेल्या आकड्यात गर आक्रसून कवचापासून वेगळा होतो, मध्ये पोकळी पडते, आणि आकडा कानाजवळ हलवला की आतून खुळखुळ ऐकू येते. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या म्हाताऱ्या पाडेलीचा नियम एका ओळीचा होता: “वाजता तो काड, वाजना तो रावूं दी.”

हा नियम मी एकदा मोडला. मार्चच्या मध्यावर एकाच दिवसात झाड मोकळे करून घेण्याच्या घाईत वाजणारे आणि न वाजणारे आकडे मी एकाच पोत्यात भरले. वर दोन दिवसांच्या उन्हात दोन्ही सारखेच वाळले असे मानून चिंच बरणीत दडपली. गणेशचतुर्थीच्या आधी झाकण काढले तेव्हा वरच्या थरावर पांढरी बुरशी होती, मधल्या थराला दारूसारखा वास येत होता आणि तळाशी काळपट पाणी साचले होते. सगळी बरणी माडाच्या बुंध्यात ओतावी लागली.

गोव्यात आकडे फेब्रुवारीपासून वाजू लागतात आणि एप्रिलपर्यंत चालतात. पिकलेली चिंच झाडावर अनेक आठवडे टिकते, म्हणून घाई करण्याचे कारण नाही. मात्र फार रेंगाळणेही बरे नव्हे, कारण पिकलेल्या आकड्यांवर एक बारीक भुंगा अंडी घालतो. त्याची अळी कवच भेदून थेट चिंचोक्यात शिरते, आणि एप्रिल-मेमधला अवकाळी पाऊस फुटक्या कवचातून आत उतरतो. बारीक गोल भोक दिसणारा आकडा वेगळा काढावा. उतरवताना बांबूने फांद्या झोडपू नयेत. पुढच्या वर्षीची कोवळी टोके त्यात मोडतात. माणूस वर चढवून फांद्या हलवाव्यात, खाली जुनी साडी किंवा ताडपत्री पसरावी आणि काम दहाच्या पुढे, दव पूर्ण उडाल्यावर, करावे.

वाळवणे, सोलणे, फोडणे

आकडे कवचासकट तीन ते चार दिवस कडक उन्हात वाळवावेत. दिवस मावळण्यापूर्वी ते आत घ्यावेत. समुद्राकडच्या गावांत मार्चमधल्या संध्याकाळची हवादेखील दमट असते आणि दिवसभराचे ऊन एका रात्रीत फुकट जाऊ शकते. चौथ्या दिवशी मूठभर आकडे घेऊन मुठीत आवळावेत. कवच काचेसारखे तडतडून फुटले तर वाळवण झाले. वाकून चिरले तर आणखी एक दिवस द्यावा.

सोलणे हे दुपारचे, दोन-तीन जणींनी पडवीत बसून करायचे काम. कवच उतरवल्यावर देठाकडचे टोक धरून शिरा एका ओढीत काढाव्यात. चांगल्या पिकलेल्या चिंचेची शीर अख्खी सुटते, आणि ती मध्येच तुटू लागली तर चिंच ओली आहे असे समजावे. मग बुटकाच्या, म्हणजे सोललेल्या चिंचेच्या, पोटाला आदोळीवर, म्हणजे विळीवर, उभी चीर देऊन चिंचोके बाहेर ढकलावेत. काही घरांत चिंच पाट्यावर ठेवून लाकडी ठोकणीने फोडतात. ते झटपट होते, पण चिंचोक्याच्या सालीचे तुकडे गरात मिसळतात आणि पुढे दाताखाली येतात, म्हणून मला चीर देण्याचीच रीत पसंत आहे. चिंचोके काढण्याचा कंटाळा करून तशीच चिंच भरणारे लोक आहेत. भुंग्याचे घर चिंचोक्यात असते आणि दोन महिन्यांनी बरणीत पीठ दिसू लागले की ती कारणे शोधण्याची वेळ नसते. लोखंडी भांडे मात्र कुठेच वापरू नये. चिंच त्याला खाते आणि स्वतः काळी पडते.

फोडलेला गर पुन्हा एक किंवा दोन दिवस सुपात पातळ पसरून, वर विरळ कापड बांधून उन्हात ठेवावा. बोटांनी दाबला असता तो चिकटावा, पण बोटाला ओल लागू नये.

मीठ आणि बरणी

एक किलो गराला १०० ग्रॅम जाडे मीठ हे आमच्या घरचे प्रमाण आहे. मीठही एक दिवस उन्हात तापवून घ्यावे. ओल्या मिठाने चिंच वाळवण्याचा खटाटोप निरर्थक होतो. मीठ गरातले उरलेसुरले पाणी ओढून घेते आणि बुरशीला थारा देत नाही, एवढेच त्याचे काम. गर आणि मीठ परातीत हातांनी मळून लहान नारळाएवढे घट्ट गोळे करावेत. गोळे करण्यामागे सोयीपेक्षा हवेचा विचार अधिक आहे. सुट्या चिंचेत जितक्या फटी, तितका ओलावा शिरायला वाव.

बरणी चिनीमातीची किंवा काचेची असावी. ती गरम पाण्याने धुऊन, उपडी ठेवून, मग दिवसभर उन्हात तापवून पूर्ण थंड झाल्यावरच भरावी, कारण गरम बरणीत झाकणाखाली वाफ धरते. तळाशी मिठाचा पातळ थर, त्यावर गोळे दाबून बसवणे, मधल्या फटींत सुटा गर दडपणे आणि वर पुन्हा मीठ, असा क्रम ठेवावा. तोंडावर स्वच्छ फडके घालून झाकण लावावे व दोरीने आवळावे. रोजच्या वापरासाठी एक लहान बरणी वेगळी भरावी, म्हणजे मोठी बरणी महिन्यातून एकदाच उघडावी लागते आणि तीही कोरड्या हातांनी, पाऊस थांबलेल्या दिवशी.

काळी पडलेली चिंच खराब झाली असे समजून टाकून देऊ नये. साठवणीत तिचा तांबूस रंग गडद होत जातो, उष्णतेत आणि दमटपणात अधिक वेगाने, आणि दुसऱ्या वर्षी ती जवळजवळ डांबरासारखी दिसते, तरी तिचा आंबटपणा कायम असतो. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, पिवळ्या कालवणाला तिने रंग बिघडतो, हे मात्र मान्य करावे लागेल. रंग जपायचा असेल तर तेवढा भाग फ्रिजमध्ये ठेवावा. बुरशी, दारूचा वास आणि पाणी सुटणे या तीन खुणा दिसल्या तरच चिंच टाकावी.

स्वयंपाकात

गोव्याच्या स्वयंपाकात आंबटाला पर्याय पुष्कळ आहेत. भिरंडाची सोलां, कैरी, बिंबल, आंबाडे, शिवाय ख्रिस्ती घरांत माडाचे व्हिनेगर. चिंचेचे वेगळेपण असे की ती आंबटाबरोबर दाटपणा आणि किंचित गोडवाही देते, म्हणून नारळाच्या रसाशी तिचे जमते. इतरत्र चिंच भिजवून कोळ काढतात व तो रश्श्यात घालतात; आपल्याकडच्या हुमणात, म्हणजे मासळीच्या कालवणात, ती बहुधा ओल्या खोबऱ्याबरोबरच वाटली जाते. अर्ध्या नारळाचे खोबरे, सात-आठ सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि सुपारीपेक्षा थोडी मोठी चिंचेची गोळी, हे चार माणसांच्या हुमणाचे वाटण. चिंच आधी चमचाभर पाण्यात कुस्करून तपासावी, एखादा राहिलेला चिंचोका मिक्सरचे पाते मोडू शकतो. घरच्या चिंचेत मीठ आधीच मुरलेले असते, तेव्हा मीठ शेवटी चव घेऊन घालावे. आधीच मीठ घालण्याची चूक नवीन सुनेकडून पहिल्या आठवड्यात होते आणि पुढे कधीच होत नाही.

मासळीच्या वासाला कारणीभूत असणारी द्रव्ये अल्कधर्मी असतात आणि चिंचेचे आम्ल त्यांना शमवते. भाजी किंवा डाळ यांत उलट सावधगिरी हवी. आंबट पाण्यात डाळ आणि भाज्या लवकर मऊ होत नाहीत, म्हणून त्या शिजल्यावरच कोळ घालावा. भांडे मातीचे किंवा स्टीलचे असावे, आणि पितळेचे असल्यास त्याची कल्हई शाबूत असावी.

कोळ काढल्यावर उरलेला चोथा फेकू नये. त्यात चिमूटभर मीठ घालून समई, दिवली, तांब्याची भांडी घासली तर काळपट थर चिंचेच्या आम्लात विरघळतो आणि खालचे पिवळे पितळ लखलखते. चोथा चोळून भांडे तसेच विसरू नये. पाच मिनिटांच्या आत धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लात फार वेळ राहिले तर जस्त आधी सुटते आणि समईवर गुलाबी डाग उमटतात, ते पुढे जात नाहीत.

चिंचोक्यांचेही उपयोग आहेत, पण थोडक्यात सांगतो. भाजून, साल काढून, दळून पाण्यात शिजवले की त्यांची चिकट खळ होते. घोंगडीच्या ताण्याला हीच खळ लावतात आणि आपल्या शेजारच्या सावंतवाडीत गंजिफाचे पत्ते करताना ती वापरत आले आहेत. मधोमध फोडलेले चिंचोके हे तर खेळाचे फासे; पांढऱ्या बाजू वर किती पडल्या यावर दान ठरते.

चिंचेखाली झोपू नये, असे का म्हणतात

संध्याकाळनंतर मोठ्या चिंचेखाली थांबू नये, असे आमच्या लहानपणी प्रत्येक घरात सांगत. कोणी देवचाराचे नाव घेई, कोणी आळवंतिणीचे. दक्षिण भारतात एक गोष्ट सांगतात. परदेशी निघालेल्या नवऱ्याला लवकर परत आणायचे म्हणून बायको त्याला जाताना रोज चिंचेखाली झोपायला आणि परतताना रोज कडुनिंबाखाली झोपायला सांगते. चिंचेखाली झोपून तो आजारी पडतो, माघारी वळतो, आणि घरी पोहोचेपर्यंत निंबाने बरा झालेला असतो. या समजुतीला धरून पाहण्याजोग्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. चिंचेच्या पर्णिकांच्या बुडाशी असलेला फुगीर भाग रात्री पाणी सोडतो आणि पर्णिका जोडीने मिटतात, त्यामुळे दिवसा गार सावली देणारे झाड अंधारात एकदम निराळे दिसते. तिच्या पानगळीखाली गवत आणि रोपेही सहसा धरत नाहीत. उघड्या जागेत झाडाच्या श्वासोच्छ्वासाने माणसाला अपाय होतो, हे मात्र कोणत्याही झाडाच्या बाबतीत संभवत नाही. भुताच्या भीतीने पुष्कळ जुन्या चिंचा कुऱ्हाडीपासून वाचल्या, हेही विसरू नये.

मिटणाऱ्या पानांची उलट कथा तामिळनाडूत आळवारतिरुनगरी येथे आहे. वैष्णव संत नम्माळवार ज्या चिंचेखाली बसले असे मानतात, तिची पाने रात्री मिटत नाहीत अशी श्रद्धा असून तिचे नावच ‘न झोपणारी चिंच’ असे आहे. पाने एवढी बारीक का, याचेही उत्तर लोककथेत आहे. वनवासात चिंचेच्या मोठ्या पानांनी झोपडी फारच सुखाची होऊ लागली, तेव्हा हा वनवासच नव्हे म्हणून लक्ष्मणाने बाण मारून पानांचे तुकडे केले. ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला गवई आवाजासाठी चघळत. ते मूळ झाड गेले, त्या जागी दुसरे लावले गेले.

लावायची असेल तर

रोप बियांपासून सहज होते. ताजे, भोक नसलेले चिंचोके रात्रभर पाण्यात भिजवून मेअखेरीस पिशवीत लावले की साधारण एक-दोन आठवड्यांत उगवतात. बियांच्या झाडाला फळ यायला सात ते दहा वर्षे लागतात आणि फळ मूळ झाडासारखेच येईल याची खात्री नसते. कलमाला चार-पाच वर्षे पुरतात. महाराष्ट्रात ‘प्रतिष्ठान’ आणि तामिळनाडूत ‘पीकेएम-१’ या निवडलेल्या जाती कलमांसाठी प्रचलित आहेत.

जागा निवडताना पुन्हा पाण्याचाच विचार करावा. चिंच वारा सोसते, उन्हाळा सोसते, हलकी जांभ्याची जमीन सोसते; मुळाशी तुंबलेले पाणी ती सोसत नाही. खाजन जमिनीच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतांच्या, कडेला किंवा पाट वाहणाऱ्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तिला नेऊ नये. उताराच्या कातळालगत मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा फोडून, माती व शेणखत भरून, पहिल्या पावसानंतर रोप लावावे. घरापासून आणि दुसऱ्या झाडापासून दहा मीटर अंतर राखावे. एकदा झाड मोठे झाले की मत बदलून चालत नाही. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली गोव्यात स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते.

तोवर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चिंच घ्यावी लागेल. विकणारीने गोळा पुढे केला की तो मधून फोडून दाखवायला सांगावे. आत तोच रंग असला, शिरा कमी असल्या, चिंचोक्यात भोक नसले आणि बोटाला ओल लागली नाही, तर मार्चअखेरीस एकदम चार किलो घ्यावी आणि घरी येऊन पुन्हा एक दिवस उन्हात टाकावी.